निरंक, अर्थात उणे 999.25

भाचा विहिरींचं काम करतो. गेल्या वर्षी त्याच्यासाठी बघण्याच्या कार्यक्रमाला गेलो, तर मुलीच्या वडिलांनी विचारलं, "म्हणजे बोअरची गाडी आहे का?" भाचा म्हणाला, "नाही, मी विहिरींचा डेटा सॉफ्टवेअरमध्ये चढवतो." पोहे आले, चहा आला, होकार काही आला नाही. गाडी असती तर आला असता.

पोरगा संभाजीनगरच्या गारखेड्यातल्या दोन खोल्यांत बसून कुठल्या कुठल्या समुद्रातल्या तेलविहिरी पडद्यावर मांडतो. वरून धक्का द्यायचा, खालच्या थरांवर आपटून परतणाऱ्या लहरी नोंदवायच्या, हा एक डेटा. भोक पाडून प्रत्यक्ष खडक मोजायचा, हा दुसरा. दोन्ही एका नकाशावर बसले की तेलाचा अंदाज बांधता येतो. मला वाटायचं, फाइल उघडली, आत ओढली, झालं. मग चार रविवार त्याच्या शेजारी बसलो. आता माझं मत असं आहे की हे सॉफ्टवेअर म्हणजे निवृत्तीला सहा महिने उरलेला हेडक्लार्क. कागद पूर्ण असल्याशिवाय घेत नाही, आणि काय कमी आहे ते सांगतही नाही.

सुरुवात मथळ्यापासून. आम्ही वर्तमानपत्रवाले मथळा म्हणतो, ते हेडर म्हणतात. लहरींच्या नोंदी ज्या नमुन्यात येतात तो सेग-वाय 1975 सालचा. आरंभी 40 ओळींचा मजकूर, ओळीत 80 अक्षरं, कारण त्या काळी पंचकार्डावर 80 रकाने असत. कार्डं गेली, रकाने राहिले. हा मजकूर आयबीएमच्या एबसिडिक नावाच्या जुन्या सांकेतिक अक्षरांत, त्यामुळे साध्या रीतीने उघडला की पडद्यावर नुसती खिचडी. "मामा, बघा काय भयंकर!" म्हणून भाचा दाखवायला लागला तेव्हा मी हसलो. श्रीलिपीतली बातमी युनिकोडमध्ये उघडून ज्याने अंक काढलाय, त्याला काय भय दाखवतोस?

नीट वाचला तरी त्या 40 ओळींतल्या पंचवीस रिकाम्या. शिवाय प्रत्येक लहरीच्या नोंदीला स्वतःचा छोटा मथळा असतो; त्यात रेषांचे क्रमांक कुठल्या बाइटवर लिहायचे हे 2002च्या सुधारणेत ठरलं: एका दिशेच्या रेषेचा क्रमांक 189पासून, तिला काटकोनातल्या रेषेचा 193पासून. त्याआधीच्या टेपांना हे कोण सांगणार? आणि नंतरच्या ऐकतात असंही नाही.

पुढे पत्ता. आपल्याकडे पत्ता म्हणजे 'क्रांती चौकातून सरळ या, तिथून फोन करा'. यंत्राला निर्देशांक लागतात आणि ते नकाशाच्या कुठल्या उभ्या पट्ट्यातले तेही लागतं. 78 रेखांशाच्या पश्चिमेचा महाराष्ट्र 43व्या पट्ट्यात, पूर्वेचा 44व्या. म्हणजे आपण एका पट्ट्यात, नागपूर दुसऱ्यात. (विदर्भवाद्यांनी हा मुद्दा अजून कसा उचलला नाही?) 43च्या जागी 44 टिपलं की अख्खं संभाजीनगर सव्वासहाशे किलोमीटर पूर्वेला सरकून बस्तरच्या जंगलात. अक्षांश-रेखांशांची अदलाबदल केली तर आपण थेट बॅरेंट्स समुद्रात, बर्फाच्या शेजारी. मे महिन्यात ही चूक मुद्दाम करावी.

मग नाव. मध्ये एक आडवी रेघ जास्त पडली तरी यंत्राच्या लेखी ती वेगळी विहीर. 1974मध्ये 'सागर सम्राट'ने तेल शोधलं ते बॉम्बे हाय. आता तेच मुंबई हाय. माणसाला कळतं, यंत्राला कळत नाही. आमच्या गावाचा डेटा चढवायचा म्हटला तर? खडकी 1610, फतेहनगर 1626, औरंगाबाद 1653, छत्रपती संभाजीनगर 2023. यंत्र चार गावं धरील. आपणही चारच धरतो, पण फक्त भांडताना.

खरी गंमत मोजमापात आहे. आपल्याकडे "जालना किती लांब?" विचारलं की उत्तर येतं, "तासाभरावर." लहरींची नोंद अशीच बोलते. थर किती खोल आहे ते सांगत नाही. लहर जाऊन यायला किती मिलिसेकंद लागले तेवढं सांगते. विहीर मात्र मीटरमध्ये बोलते. दोघांचं जुळवायचं तर मधला रस्ता कसा आहे ते हवं. म्हणून विहिरीत ऐकण्याचं यंत्र सोडतात, वर धक्का देतात आणि कुठल्या खोलीला किती वेळ लागला ते टिपतात. त्याला म्हणतात चेकशॉट. आणि आपला रस्ता कसा, तर काळा पाषाण. त्यात लहर सेकंदाला पाचेक किलोमीटर पळते, पण बराचसा जोर वरच्यावर परत फेकला जातो आणि खालचं चित्र धूसर येतं. किल्लारीत 1993च्या भूकंपानंतर पायाखाली नेमकं काय आहे हे कळायला शेवटी 617 मीटर भोकच पाडावं लागलं. निघालं काय? 338 मीटर काळा पाषाण, आठेक मीटर गाळाचा थर, आणि त्याखाली पुरातन खडक. हे आधी कुणी नक्की सांगू शकत नव्हतं.

मीटरमध्येही मेख आहे. कुठून मोजलं? तेलवाले ड्रिलिंगच्या मजल्यापासून मोजतात. तो समुद्रसपाटीपासून किती उंच ते लिहिलं नाही तर सगळे थर तेवढ्याने चुकतात. आमची आजी पोहऱ्याचा दोर कठड्यापासून मोजायची आणि शेजारीण जमिनीपासून. एकाच आडावर दोघींचं पाणी दोन हात वेगळं. भूजल सर्वेक्षणाची माणसं निरीक्षण विहिरीची पातळी वर्षातून चार वेळा घेतात, तेव्हा कठड्याची उंची वजा करतात. आजीला हे कुणी सांगितलं नाही, आणि सांगायची कुणाची टापही नव्हती.

पण मी खरा भाळलो तो एका आकड्यावर. विहिरीच्या नोंदी 'लास' नावाच्या फाइलीत येतात. जिथे मोजमाप झालंच नाही, तिथे बहुतेक फायलींत आकडा असतो उणे 999.25. मी म्हटलं, हे तर आपलं निरंक! भाचा म्हणाला, "नाही मामा. तुमच्या निरंकचे दोन अर्थ होतात. मोजलं आणि काही नाही, किंवा मोजलंच नाही."

हिशेब करून बघा. नऊ आडांचं पाणी 20 फुटांवर. दहाव्याकडे कुणी फिरकलंच नाही, म्हणून तिथे उणे 999.25. हा आकडा रिकामा आहे हे यंत्राला सांगायचं विसरलात, तर सरासरी येते उणे 82. म्हणजे मराठवाड्यात पाणी जमिनीच्या 82 फूट वर, हवेत. कुणीतरी ओरडेल, चूक सापडेल. आता कारकुनी पद्धतीने तिथे शून्य लिहा. शून्य फुटांवर पाणी म्हणजे आड काठोकाठ. सरासरी 18. कुणाला शंकासुद्धा येत नाही. उलट पातळी दोन फुटांनी वाढल्याचं प्रेसनोटमध्ये येतं आणि आम्ही मथळा देतो.

मागच्या महिन्यात आमच्या सोसायटीने बोअर घेतला. जागा पाणाड्याने दाखवली, नारळ तळहातावर उभा राहिला. तमिळनाडूची गाडी रात्री अकराला आली आणि पहाटेपर्यंत घरं हलत होती. 640 फूट. भूजल कायद्याच्या लेखी 60 मीटरच्या पुढची विहीर 'खोल'; ही 195 मीटर. वर आला तो फुफाटा. भाचा खाली जाऊन गाडीवाल्याला विचारत होता, मुरूम कितीवर संपला, मांजऱ्या खडक कुठे लागला, ओल कितव्या फुटाला दिसली? त्याने दोन बोटं वर करून तंबाखू मळला.

दुसऱ्या दिवशी भाच्याने हट्टाने त्या बोअरची 'लास' फाइल केली. नाव: मंदिरामागचा. जमिनीची उंची: उणे 999.25. थर: उणे 999.25. पाण्याची पातळी: उणे 999.25. खोलीचा आकडा तेवढा पक्का, कारण बिल फुटावर होतं. छापून सेक्रेटरींना दिली. त्यांनी चष्मा चढवला, दोनदा वाचली.

"उणे कशाला? चुकीचा संदेश जातो," म्हणाले, आणि पेनने तीनही ठिकाणी खोडून निरंक केलं.