हरिश्चंद्राच्या कारखान्यात

वाकडेवाडीच्या स्टँडवर नाशिकच्या एसटीत चढलो तेव्हा माझ्या अंगाखांद्यावर तीन वस्तू होत्या: कपड्यांची बॅग, बूमची काठी आणि मेलेलं मांजर. हे नाव मी ठेवलेलं नाही. माइकवर वारा घोंघावू नये म्हणून त्याला जी झिपरी टोपी घालतात, तिला आमच्या धंद्यात ‘डेडकॅट’च म्हणतात. माझी करड्या रंगाची आहे आणि ती पिशवीतून अर्धी बाहेर लोंबत होती.

“आत काय आहे?” कंडक्टर.

“माइक.”

“चावतो का?”

निघालो होतो त्र्यंबकला, मावशीच्या नातवाच्या मुंजीला. तिथूनच पुढे इगतपुरीला शूटिंग, म्हणून सगळा संसार बरोबर. मी सिनेमात साउंड रेकॉर्डिस्ट आहे. नट बोलतो ते मी टिपतो. एवढंसं काम, पण गेली ११ वर्षं ते मी घरच्यांना समजावतोय. आई लोकांना सांगते, “तो साउंडमध्ये आहे.” मग गणपती जवळ आले की आळीतली पोरं डीजेचा भाव काढायला दारात हजर. मावशीचा समज आणखी सोपा: ज्याच्याकडे माइक, त्याला गाता येतं. मागच्या लग्नात तिनं मला मंगलाष्टकं म्हणायला उभं केलं होतं. त्या लग्नाचा विषय घरात अजून कुणी काढत नाही.

राजगुरुनगर मागे पडलं तसा शेजारच्या टोपीवाल्या आजोबांनी काठीला हात लावला.

“शेळ्यांची आकडी व्हय?”

म्हटलं, नाही. हिच्या टोकाला माइक लावायचा आणि नटाच्या डोक्यावर धरून उभं राहायचं, पण पडद्यावर दिसू द्यायचा नाही. आजोबांनी जरा वेळ विचार केला.

“सुपारी कशी? दिसावर का खेळावर?”

“दिवसावर.”

“उचल?”

“मिळते थोडी.”

“आन् ऱ्हायल्याली?”

“मागावी लागते.”

“ऱ्हानं-खानं?”

“त्यांचंच.”

“मंग तमाशावानीच की!”

आजोबा नारायणगावचे. गुढीपाडव्याच्या सुमाराला तमाशाच्या फडांच्या राहुट्या पडतात आणि गावोगावचे लोक यात्रेसाठी सुपाऱ्या द्यायला येतात, ते नारायणगाव. तमाशा गाजवणाऱ्या विठाबाईंचं गाव. आईवडिलांना ११ वर्षांत जे उमगलं नाही ते या माणसाला चार प्रश्नांत उमगलं, कारण त्यानं कलेची चौकशी केलीच नाही, थेट हिशेबाला हात घातला. उतरताना मला म्हणाले, “पैका पाल उठायच्या आधी घ्यायचा. पाल उठलं की मालक वळखत न्हाई.” हे वाक्य मला पहिल्या सिनेमाआधी भेटायला हवं होतं.

नाशिकला गाडी बदलली. त्र्यंबक रस्त्यावर सातपूर लागलं, कारखान्यांची फाटकं दिसू लागली आणि मला एकदम दादासाहेब फाळके आठवले. जन्म १८७०, त्र्यंबकेश्वरचाच. ‘राजा हरिश्चंद्र’ काढताना पंचाईत अशी की सिनेमात काम करतो म्हटलं तर लोक नाक मुरडत. तारामतीसाठी बाई मिळेना. शेवटी हॉटेलात स्वयंपाक करणाऱ्या अण्णा साळुंक्यांना लुगडं नेसवावं लागलं. फाळक्यांनी आपल्या माणसांना पढवून ठेवलं होतं असं सांगतात: कुणी विचारलंच, तर हरिश्चंद्राच्या फॅक्टरीत आहे म्हणा.

ठरलं. त्यांच्याच गावात त्यांचीच युक्ती.

“सध्या कुठे असतोस?” चहाची बशी खाली ठेवत काकांनी, म्हणजे मावशीच्या यजमानांनी, विचारलं.

“कारखान्यात.”

इथे विषय मिटायला हवा होता. पण सातपूरच्या एका कंपनीत लेथवर ३० वर्षं काढून काका निवृत्त झालेत, हे मी विसरलो होतो. त्यांचा चेहरा उजळला.

“शिफ्ट कोणती?”

“सकाळी सहा ते संध्याकाळी सहा.”

“बारा तास? ओव्हरटाइम?”

“होतो. मिळतोच असं नाही.”

“कायम की कंत्राटी?”

“कंत्राटी.”

“फंड?”

“नाही.”

“कँटीन तरी?”

“जेवण फुकट. चहा मागाल तितका.”

“माल काय निघतो?”

आता मात्र खरं बोलणं भाग होतं. म्हटलं, “बोलणं निघतं. आणि शांतता.” मग सगळंच सांगितलं: एका जागेचं काम संपलं की सगळ्यांना गप्प उभं करून मी तिथली शांतता अर्धा मिनिट भरून घेतो. प्रत्येक खोलीची शांतता वेगळी. संकलनात ती दोन वाक्यांच्या मध्ये भरली नाही, तर तिथं आवाजाला भोक पडल्यासारखं वाटतं.

“शांततेचे पैसे देतात?” मावशी आतून म्हणाली. “मग आमच्या ह्यांच्याशी ४० वर्षं संसार केल्याचे मला किती?”

काका म्हणाले, “दाखव.”

मेलेलं मांजर बाहेर काढलं, काठी माजघराकडे वळवली, हेडफोन काकांच्या कानांवर चढवला. मुंजीचं घर, १४ माणसं, सगळी चिडीचूप. काका डोळे मिटून बसले. हळू आवाजात सांगू लागले, “फ्रिज... देवघरातलं घड्याळ... नळ गळतोय...” आणि अचानक गरजले, “कोण आहे रे तिकडे लाडवांच्या डब्यापाशी?”

माजघरातून झाकण पडल्याचा आवाज आला. पाठोपाठ मुंजमुलगा बाहेर आला, तोंड भरलेलं.

काकांनी हेडफोन काढून अदबीनं माझ्या हातात दिला. “आधी सांगायचंस ना! तू क्वालिटी इन्स्पेक्शनला आहेस.”

संध्याकाळी मावशी शेजारणीला सांगत होती, “कंत्राटी आहे, पण क्वालिटीत आहे.”

एक गोष्ट मी काकांपासून लपवली. फाळक्यांच्या कारखान्यात मला कुणी उभंही केलं नसतं, कारण १९१३चा त्यांचा हरिश्चंद्र मुका होता. मराठीत तो बोलला १९३२ साली, प्रभातच्या ‘अयोध्येचा राजा’त. म्हणजे खुद्द सत्यवचनी हरिश्चंद्रालासुद्धा आपलं म्हणणं तोंडानं सांगायला १९ वर्षं लागली.

माझी ११ झाली आहेत. अजून ८ आहेत हातात.