तीस मिनिटांचा मोसम

पंचांग काहीही म्हणो, खडवलीच्या आसपासच्या हायस्कुलांत पहिल्या सत्राचे ऋतू तीनच : आवणी, तालुका आणि सहामाही. आवणीत निम्मा वर्ग गुडघाभर चिखलात भात लावत असतो. सहामाहीत सगळा वर्ग पुस्तकात डोकं घातल्याचा देखावा करतो. या दोहोंच्या मधे, साधारण नारळी पौर्णिमा ते घटस्थापना, एक चिंचोळी पट्टी उरते. तिचं नाव तालुका. तालुकास्तरीय शालेय क्रीडा स्पर्धा, हे फक्त परिपत्रकात. बाकी सगळीकडे ‘यंदा तू तालुक्याला आहेस का?’ एवढंच विचारायचं असतं.

आता खेळायचं तर भर पावसात कशाला, असं कोणालाही वाटेल. पण हे गणित वरून खाली सोडवलेलं असतं. फेब्रुवारी-मार्चात बोर्डाची परीक्षा, म्हणून राष्ट्रीय स्पर्धा त्याआधी. राष्ट्रीयच्या आधी राज्य, राज्याच्या आधी विभाग, विभागाच्या आधी जिल्हा. असं एकेक पायरी उतरत आलं की तालुक्याच्या वाट्याला बरोब्बर ऑगस्ट-सप्टेंबर येतो, आणि त्याच वेळी आकाश फाटलेलं असतं. एवढंच कशाला, कबड्डीमहर्षी बुवा साळवींचा जन्मदिवस १५ जुलै, तो आपला कबड्डी दिन. मेजर ध्यानचंदांचा २९ ऑगस्ट, तो राष्ट्रीय क्रीडा दिन. दोन्ही दिवशी कोकणपट्टीतली मुलं वर्गात मांडी घालून मैदानी खेळांचं महत्त्व ऐकत असतात, आणि बाहेर मैदानात बेडूक खेळत असतात. सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळी यांनी शालेय क्रिकेटच्या हॅरिस शिल्डमध्ये ६६४ धावांची भागीदारी केली ती फेब्रुवारी १९८८ मध्ये, आझाद मैदानावर. साहेबाच्या खेळाला कोरडा फेब्रुवारी, आणि मातीतल्या खेळांना ऑगस्टचा राडा, हे वाटप कोणी केलं कोण जाणे.

टिटवाळ्याच्या पुढचं स्टेशन खडवली. मुंबईकरांना ते माहीत आहे भातसा नदीच्या सहलीसाठी, आणि पावसाळ्यात ‘नदीत उतरू नका’ या बातमीसाठी. मुंबईची तहान भागवणारी ही नदी याच दिवसांत फुगते, शेतं तुडुंब भरतात, आणि पटांगण व खाचर यांत फरक एवढाच उरतो की पटांगणात भात लावलेला नसतो. तिथे फक्की मारून कबड्डीचं क्रीडांगण आखायचं. मध्यरेषा झाली, निदान रेषा झाली, बोनस रेषेशी येईपर्यंत सर आली की आधीच्या दोन्ही रेषा दुधासारख्या वाहून जातात. मग सराव व्हरांड्यात. व्हरांडा सहा फूट रुंद असल्यामुळे आपल्याकडच्या चढाईपटूंना बाजूला सरकण्याची सवयच लागत नाही, ते सरळ समोरच्याच्या छातीवर जातात. पीटीच्या सरांनी याला ‘आक्रमक शैली’ असं नाव दिलेलं आहे.

संघनिवड हा त्याहून अवघड प्रकार. चौदा, सतरा आणि एकोणीस वर्षांखालचे असे तीन गट, आणि कबड्डीला वजनाचीही अट. शेतावर राबलेला आठवीचा एखादा गडी वयात बसतो, काट्यावर बसत नाही. असा मुलगा स्पर्धेच्या आदल्या दिवशी डबा उघडत नाही. त्याच्या आईला वाटतं पोर आजारी. सकाळी वजन झालं रे झालं की तो तीन वडापाव एका दमात संपवतो, आणि मग पहिल्या चढाईत दम का लागतो याचं सर्वांना नवल वाटतं. शिवाय ओळखपत्र. त्यावर फोटो, फोटोवर अर्धा शिक्का, शिक्क्यावर मुख्याध्यापकांची सही, आणि जन्मतारीख रजिस्टरप्रमाणे. या कागदांपायी सरांची जेवढी धावपळ होते, तेवढी मैदानात कोणाचीच होत नाही.

सीमेचा प्रश्न आणखी वेगळा. लोकलने कल्याण हाकेच्या अंतरावर, पण खेळाच्या नकाशावर तो परमुलूख. महानगरपालिकेच्या हद्दीतल्या शाळा वेगळ्या, आणि खडवली ग्रामपंचायतीची, म्हणून आम्ही ग्रामीण. मला ही वाटणी मनापासून आवडते. शहरातल्या शाळांशी हरण्यापेक्षा ओळखीच्या, शेजारच्या गावाशी हरलेलं बरं. निदान त्यांच्याकडे पुढे जत्रेला जाता येतं.

सामने बाद पद्धतीचे. या पद्धतीचा हिशेब निर्दय आहे. बत्तीस संघ असले तर एकतीस सामने, आणि सोळा संघांचा मोसम पहिल्याच सामन्यात आटोपतो. अमेरिकेतल्या हायस्कुलांना शरद ऋतूत फुटबॉलचे दहा-दहा शुक्रवार मिळतात. आमच्या मुलांना पंधरा मिनिटं, पाच मिनिटं मध्यंतर आणि पुन्हा पंधरा मिनिटं. जूनपासून ज्याची चर्चा, तो मोसम साडेदहाच्या आत संपतो आणि डबे अजून उघडलेलेही नसतात. शाळेकडे जर्सीचा संच एकच, त्यामुळे या झटपट पराभवाचा एक फायदाही असतो : चौदाखालच्यांनी उतरवलेल्या जर्सी पिळून सतराखालच्यांना घालता येतात. जिंकत राहिले असते तर पंचाईत होती.

यंदाचा चौदाखालच्यांचा सामना मी कुंपणाशी छत्री धरून पाहिला. शेवटची चढाई, आपण एका गुणाने मागे. समोर सहा जण उभे, म्हणजे बोनस मिळण्यासारखा. आपला सात नंबरवाला हळूहळू डाव्या कोपऱ्याकडे सरकला, ‘कबड्डी, कबड्डी’ म्हणता म्हणता त्याच्या तोंडात पावसाचं पाणी जात होतं. पुढचा पाय त्याने लांब टाकला, बोनस रेषेपलीकडे. रेषा तेव्हा नव्हतीच, ती कुठे होती एवढं सर्वांना आठवत होतं. बोनसचा नियम असा की पुढचा पाय पलीकडे टेकला तेव्हा मागचा पाय हवेत हवा. पंचांनी वाकून पाहिलं, चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं, आणि मान हलवली. बोनस नाही. तीस सेकंद संपली, शिट्टी झाली, मोसम संपला.

सामना तीस मिनिटांचा, पण शिट्टीबरोबर वाद सुरू झाला तो अजून चालू आहे. मागचा पाय हवेत होता की चिखलात? स्टेशनवर तो बोटभर वर होता. गणपतीच्या आरतीपर्यंत वीतभर झाला. परवा चहाच्या टपरीवर ऐकलं तेव्हा तो गुडघ्याच्या वर गेला होता, आणि पंच समोरच्या गावाचे मेहुणे निघाले होते. पालकांना यात रस नाही. दहावीत क्रीडा गुण मिळतात हे त्यांनी कुठेतरी ऐकलंय, त्यामुळे त्यांचा प्रश्न एकच : ‘सर, तालुक्यात हरलेल्याला काही नाही का देत?’

या गदारोळात मुलींच्या खो-खो संघाकडे कोणाचं लक्षच नव्हतं. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. पुरुष आणि महिला, दोन्हीकडे भारताने अंतिम सामन्यात नेपाळला हरवलं. कर्णधार प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे, दोघंही महाराष्ट्राचे. ते सामने मॅटवर झाले. आपल्या मुली मात्र चिखलात सूर मारतात आणि उठतात तेव्हा चेहऱ्यावरून कोण कुठली हे ओळखू येत नाही. मैदानाच्या त्या टोकाला त्या एकामागून एक सामने खेळत होत्या, जिंकत होत्या आणि आमचे सगळे पुरुष इकडे एका पायावर भांडत होते. संध्याकाळी त्यांच्या मॅडम कागद घेऊन आल्या तेव्हा कळलं, मुली जिल्ह्याला गेल्या.

म्हणजे जर्सी पुन्हा लागणार. सोमवारपर्यंत धुऊन, वाळवून आणून द्या, असं मॅडमनी बजावलं. वाळवून, हा शब्द या दिवसांत फारच महत्त्वाकांक्षी. तरी चुलीवर, पंख्याखाली, कोणी इस्त्री फिरवून, एकेक जर्सी परत आली. सात नंबरची तेवढी आलेली नाही. सात नंबरवाल्याचं म्हणणं, देतो, पण आधी पाय हवेत होता हे सरांनी कबूल करावं. सर म्हणतात, कबूल केलं. आता तो म्हणतो, लेखी द्या.