साहेब, जरा वर बघा

मा. अन्न तपासणीस साहेब यांसी,

साष्टांग नमस्कार. मी बारा महिने आडवाच असतो, तेव्हा हा नमस्कार तोंडदेखला समजू नये.

मी लालबागमधल्या एका हॉटेलच्या भटारखान्याचा पोटमाळा. आपण येता, खाली फिरता, आणि मी आपल्या टकलाचे दर्शन घेतो. आपली नजर काही माझ्यावर पडत नाही. म्हटले, मीच चार ओळी लिहाव्यात.

मागच्या खेपेची तपासणी मी वरून सबंध पाहिली. आपण अचानक येणार हे शेठला आदल्या संध्याकाळीच कळले होते. रातोरात मोरीत ब्लिचिंग पावडर पडली, पिंपांना झाकणे आली. भट्टीवाल्याला टोपी आणि हातमोजे मिळाले. हातमोजे घालून त्याला पोळी उलटता येईना, म्हणून आपण असेपर्यंत तो नुसताच तव्याकडे बघत उभा राहिला. आपण सगळ्यांची नखे पाहिली, बोटांवरच्या जखमांना पट्ट्या आहेत का ते पाहिले, भिंतीवरचा चौदा आकडी परवाना क्रमांक उतरवून घेतला. मग खोबऱ्याच्या चटणीचा नमुना घेतलात. कायद्याप्रमाणे त्याचे चार भाग झाले, चारही सीलबंद झाले, आणि चौदा दिवसांत विश्लेषकाचा अहवाल यायचा असे ठरले. इतका मान त्या चटणीला जन्मात मिळाला नव्हता.

त्याच वेळी माझ्या कडेला कांद्याची पोती उभी करून ठेवली होती. पोत्यांमागे सात वळकट्या, सात पत्र्याच्या पेट्या आणि दोरीवर वाळत घातलेल्या बनियनी होत्या. वस्ताद, भट्टीवाला, दोन वेटर, दोन भांडीवाले आणि एक बाहेरवाला पोरगा अशी सात माणसे माझ्यावर राहतात. माझी उंची साडेचार फूट. तेव्हा त्यांना राहण्यासाठी आधी बसावे लागते. खालच्या भट्टीचा धूर वर येतो. खिडकी नाही, पण धुराने काळे झालेले एक भोक आहे. शेठ त्याला व्हेंटिलेशन म्हणतो.

अन्न बनवायच्या जागेतून राहत्या जागेत थेट वाट नसावी, असे आपल्याच नियमांच्या चौथ्या परिशिष्टात लिहिले आहे ना? शेठ नियमाचा पक्का. आपण यायच्या आधी त्याने शिडी काढून गल्लीत ठेवली. वाटच उरली नाही.

माझी दाद कुणाकडे लागेल याचीही मी चौकशी केली. अन्नाचे बघणार अन्न व औषध प्रशासन. खानावळीचा परवाना महापालिकेचा, १८८८ च्या कायद्याच्या कलम ३९४ खाली. मी बेकायदा बांधकाम आहे की नाही हे वॉर्डातल्या इमारत व कारखाने खात्याने सांगायचे. इमारत जुनी उपकरप्राप्त, म्हणून मी कोसळलो तर म्हाडा. पेटलो तर अग्निशमन दल. सात माणसांची झोप मात्र कुणाच्याच रकान्यात बसत नाही, आणि ती भाडेकरूही नाहीत. पगार अमुक, राहणे-खाणे फुकट, असा करार आहे. वरळीच्या बीडीडी चाळींतल्या १६० चौरस फुटांच्या खोल्यांना आता ५०० चौरस फुटांचे फ्लॅट मिळताहेत, मला मनापासून आनंद आहे. पण त्याला कागद लागतो. फुकट राहणाऱ्याकडे कसली आली पावती?

आमच्या कुळाकडे सरकार कधी फिरकलेच नाही असे मात्र म्हणवत नाही. १८९६ साली मांडवीत डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेग ओळखला, आणि मग माणसे कंदील घेऊन चाळी-चाळींत शिरली. उजेड यावा म्हणून छपरांची कौले काढली, भिंतींना चुना फासला, राहण्यास अयोग्य ठरलेल्या घरांवर ‘यू.एच.एच.’ ही अक्षरे रंगवली. लोक चिडले, आणि चिडण्यासारखेच ते होते: आजाऱ्याला ओढून नेत, सामान जाळत, बायाबापड्यांची अब्रू बघत नसत. त्याच भीतीने लोक आजारी माणूस दडवून ठेवू लागले. ते दिवस परत यावेत असे मी म्हणत नाही. पण साहेब, तेव्हा निदान कुणीतरी वर बघत होते. सव्वाशे वर्षांत एवढीच सुधारणा झाली, की आता वर बघायचेच बंद केले. चुनासुद्धा गेला.

आता एक अप्रिय गोष्ट लिहितो. रात्री साडेअकराला शेठ शटर ओढतो आणि बाहेरून कुलूप लावतो. चोरी होऊ नये म्हणून. १८ डिसेंबर २०१७ च्या पहाटे साकीनाक्याच्या खैराणी रोडवर फरसाणच्या दुकानाला आग लागली, तेव्हा बारा कामगार मेले. कामाच्या जागीच झोपत होते. अकरा दिवसांनी कमला मिलमध्ये वरच्या मजल्यावरचे पब पेटले, चौदा जण गेले, आणि दुसऱ्याच दिवसापासून शहरभर शेकडो ठिकाणी महापालिकेचे हातोडे पडू लागले. त्या बारा कामगारांच्या वेळी एवढे हातोडे पडलेले मला आठवत नाहीत. मेलेल्यांत मी तुलना करत नाही. कुठल्या गिऱ्हाइकाला पोटमाळ्यावर बसवत नाहीत, एवढेच सांगतो.

मला पाडा, अशीही विनंती नाही. मला पाडलेत तर सातजण फुटपाथवर जातील आणि शेठ त्याचेही पैसे वाचवील. झोपायची जागा दाखवल्याशिवाय परवान्याचे नूतनीकरण नाही, एवढा एक रकाना तुमच्या फॉर्मात घाला. नखांच्या खालीच घाला, तिथे जागा आहे.

आणि एकदा रात्री बाराला या. शिडी तेव्हा जागेवर असते. फक्त कुलपाची किल्ली शेठच्या घरी, डोंबिवलीला.

आपला आज्ञाधारक,
पोटमाळा

ता.क. माझे म्हणणे खोटे वाटल्यास आपल्याच फायलीत पाहावे. कामगारांची वार्षिक वैद्यकीय तपासणी सक्तीची आहे, आणि शेठने सातही प्रमाणपत्रे जोडली आहेत. राहण्याचा पत्ता म्हणून सातही कागदांवर हॉटेलचाच पत्ता आहे. खाली ‘तपासले’ असा शिक्का आहे, आणि सही आपली आहे.