रविवारी सहापर्यंत परत

निवाऱ्याच्या पिंजऱ्यात वर्षानुवर्षं पडून असलेला गावठी कुत्रा शनिवारी फिरायला न्यायचा आणि रविवारी संध्याकाळी परत करायचा, ही सोय ज्याला सुचली त्याचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार व्हायला हवा. हवाईतल्या काउआई बेटावर पर्यटकांना असा कुत्रा दिवसभरासाठी मिळतो. मग पुणेकरांनीच का मागे राहावं? गळ्यात चौकड्याचा रुमाल, मागच्या सीटवर जुनी चादर, सिंहगडाच्या पायथ्याशी अर्धं बिस्किट त्याला, अर्धं फोटोसाठी राखून. ‘घरीच का ठेवत नाही?’ असं कुणी विचारलंच, तर सोसायटीच्या नियमांकडे बोट दाखवावं. सोसायटीला कुत्रा पाळण्यावर बंदी घालता येत नाही, असं भारतीय जीवजंतू कल्याण मंडळानं २०१५ मध्येच कळवलंय. पण सुट्टीच्या दिवशी परिपत्रकं कोण वाचतं?

योजनेला अजून बराच वाव आहे. वृद्धाश्रमांनीही अशीच खिडकी उघडावी. अनामत भरा, सही करा, आई न्या. औषधाची पिशवी सोबत मिळेल. ही कल्पना आम्ही एका श्वानप्रेमी गृहस्थांच्या कानावर घातली. त्यांची आई वृद्धाश्रमातच असते.

“उत्तम!” ते म्हणाले. “फक्त वार बदलून घ्या. शनिवार-रविवार कुत्रा असतो.”