किपरशेठ

खिशात दमडी असो वा नसो, रायगडच्या किनाऱ्यावर माणसाला शेठ म्हणायची रीत आहे. बोटीचा मालक शेठ, बोटीवरचा खलाशीही शेठ. त्याच हिशोबाने एसटीतून नाहीतर थळच्या खत कारखान्यातून निवृत्त होऊन दिवसभर टेनिस क्रिकेटच्या मांडवात ठाण मांडणारा तो किपरशेठ. रेवसपासून हरिहरेश्वरपर्यंत हा नमुना कुठेही भेटतो. फलंदाजांची शतकं काय, कुणीही पाठ करतं. याला पाठ असतात ते फक्त यष्टीमागे आणि गोलात उभे राहणारे.

रो-रोतून मांडव्याला उतरलेला पाहुणा हे त्याचं आवडतं गिऱ्हाईक. ‘भारताच्या पहिल्या कसोटीत किपर कोण होता?’ पाहुणा चाचपडत म्हणतो, ‘फारुख इंजिनिअर?’ मग किपरशेठ त्याच्याकडे डोळे भरून पाहतो आणि म्हणतो, ‘मुंबईहून आलात वाटतं.’ अलिबागच्या नावावर पिढ्यान् पिढ्या खपलेल्या विनोदाची अशी वसुली झाली की उत्तर मिळतं: जनार्दन नवले, २५ जून १९३२, लॉर्ड्स. शिवाय नवले सलामीला गेले होते, म्हणजे भारताकडून कसोटीतला पहिला चेंडू खेळला तोही किपरनेच.

यानंतर पाहुण्याची सुटका नसते. नरेन ताम्हाणे, २१ कसोटी, ५१ बळी, त्यात १६ यष्टिचीत. माधव मंत्री, चार कसोटी, गावसकरांचे मामा. इथे एखादा हुशारी करून सांगतो की बाळ गावसकर इस्पितळात एका कोळणीच्या कुशीत सापडले, ते या मामांनीच ओळखलं. किपरशेठ भडकतो. ओळखणारे नारायण मसुरेकर. मंत्र्यांच्या नावावर झेल आहेत, हा नाही.

त्याची खरी तक्रार जानेवारी १९८८च्या मद्रास कसोटीबद्दल आहे. नरेंद्र हिरवाणीने पदार्पणात १६ बळी घेतले, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण त्याच सामन्यात किरण मोरेने सहा जणांना यष्टिचीत केलं, त्यातले पाच एका डावात, हा विश्वविक्रम कुणाच्या लक्षात आहे? ‘बॉल टाकणारा दिसतो हो,’ तो म्हणतो, ‘धरणारा कुणाला दिसतो?’ तक्रार रास्त आहे. फक्त ती हळदीच्या मांडवात, डीजे चालू असताना, नवरदेवाच्या कानाशी तोंड नेऊन करायची गरज नसते.

मोबाइलचा डेटा स्वस्त झाला आणि शेठ आइस हॉकीला लागला. या किनाऱ्यावर बर्फ म्हणजे कारखान्यातली लादी, ती फोडायची आणि बोटीच्या खणात पापलेटवर पसरायची. त्यावर उभं राहून कुणी खेळतं, हे ऐकून कोळीवाडा आधी हसला. मग शेठने सांगितलं की चेंडूऐवजी रबराची चकती असते, तीन इंच व्यासाची, इंचभर जाड, आणि तीही सामन्याआधी सुरमईसारखी गोठवून ठेवतात. हे मात्र लोकांना पटलं.

जूनमध्ये मासेमारी बंद होते आणि तिकडे स्टॅन्ली कपची अंतिम फेरी रंगते. सामने आपल्याकडे पहाटे. शेठ रात्र जागवून निकाल घेऊन येतो आणि किनाऱ्यावर ओढलेल्या बोटींच्या सावलीत जाळी दुरुस्त करत बसलेल्यांना ऐकवतो. मार्टिन ब्रोडर, ६९१ विजय, १२५ शटआउट. शटआउट म्हणजे अख्ख्या सामन्यात एकही गोल खाल्ला नाही. ‘म्हणजे काहीच झालं नाही?’ कुणीतरी विचारतं. ‘एकशेपंचवीस वेळा झालं नाही!’ शेठ गरजतो.

हा सोस गावच्या पाण्यातच असावा. मुंबईत विजेच्या ट्राम येणार, त्यांनी कुलाब्याच्या वेधशाळेतल्या चुंबकसुया बिचकणार, म्हणून १९०४ साली अलिबागला चुंबकीय वेधशाळा उभी राहिली. पृथ्वीच्या चुंबकत्वातला जो फरक कुणाच्या बापाला जाणवत नाही, तो इतकी वर्षं टिपून ठेवणाऱ्या गावात न झालेले गोल मोजणारा निपजला तर नवल कसलं?

जाळी शिवणाऱ्यांना मनापासून आवडला तो एकटा जाक प्लांट. १ नोव्हेंबर १९५९ रोजी न्यूयॉर्कमध्ये चकतीने त्याचं तोंड फुटलं, टाके घालून तो मुखवटा लावूनच परतला, आणि पुढे मुखवट्याची चाल पडली. पण लोकांना भावलं ते वेगळंच. हा गडी आपल्या टोप्या आणि गंजिफ्राके स्वतः विणायचा. ‘मग हाताला वळण असणारच,’ असा निर्वाळा मिळाला. ग्लेन हॉल सलग ५०२ सामने पूर्ण खेळला, तेही मुखवट्याशिवाय, याचं कौतुक झालं असतं. पण तो सामन्याआधी ओकायचा, हा तपशील शेठने मटणाच्या पंगतीत सांगितला.

गोलीने समोरच्या गोलात चकती मारली की शेठला भरून येतं. १९८७ साली रॉन हेक्स्टॉलने ते केलं. लगेच तो आपल्याकडचा दाखला काढतो: १९८३, नागपूर, सय्यद किरमाणीने ग्लोव्हज उतरवले, गोलंदाजी केली आणि पाकिस्तानच्या अझीम हाफिजचा त्रिफळा उडवला. कसोटीतला त्याचा एकुलता एक बळी.

सगळ्यांत लाडका मात्र डेव्हिड एअर्स. बेचाळीस वर्षांचा, मैदानातला बर्फ गुळगुळीत करणारं यंत्र चालवणारा माणूस. २२ फेब्रुवारी २०२० रोजी टोरांटोत पाहुण्या कॅरोलायनाचे दोन्ही गोली जायबंदी झाले आणि याला उभं केलं. त्याने आठ फटके अडवले, कॅरोलायना जिंकली. तेव्हापासून शेठच्या स्कूटरच्या डिकीत ग्लोव्हज असतात.

आणि एका रविवारी बोलावणं आलंच. संघाचा किपर चुलतभावाच्या हळदीला गेलेला, चार षटकांचा सामना, समालोचक माइकवरून पुकारतोय. कप्तानाने जरा संकोचत विचारलं, ‘शेठ, झेपंल ना?’

‘फ्रँक वुली,’ शेठ ग्लोव्हज चढवत म्हणाला, ‘१९३४, ओव्हल. एम्स जखमी झाला म्हणून सत्तेचाळिसाव्या वर्षी किपिंगला उभा राहिला. बाइज दिले ३७. मी त्याच्या आत ठेवतो.’

कप्तानाने शेठच्या मागे एक नाही, दोन पोरं उभी केली.