घोडनवऱ्याची वरात

1 जानेवारी 2025 च्या रात्री भोपाळहून एक वरात निघाली. बारा कंटेनर, मागेपुढे पोलीस, रुग्णवाहिका, अग्निशमन दलाचे बंब आणि अडीचशे किलोमीटर मोकळा केलेला रस्ता. एवढा थाट मंत्र्याच्या पोराच्या लग्नातही होत नाही. नवरदेव होता युनियन कार्बाइडच्या कारखान्यातला 337 टन विषारी कचरा. वय चाळीस.

घोडनवराच म्हणायचा, पण त्यात त्याचा काय दोष? स्थळं येत होती आणि मोडत होती. अंकलेश्वरची बोलणी झाली, गुजरातनं ऐनवेळी पाठ फिरवली. नागपूरजवळच्या डीआरडीओच्या भट्टीचं नाव निघताच महाराष्ट्रानं हात झटकले. 2012 मध्ये तर थेट जर्मनीचं स्थळ सांगून आलं, तेही फिसकटलं. अखेर 3 डिसेंबर 2024 ला उच्च न्यायालयानं डोळे वटारले आणि चार आठवड्यांची मुदत दिली. चाळीस वर्षांत न जमलेलं लग्न महिन्याभरात पीथमपूरच्या भट्टीशी जमलं. पीथमपूरकरांना मात्र कुणी पसंती विचारली नाही. ते रस्त्यावर उतरले.

तिथल्या भट्टीत तासाला 270 किलोपर्यंतच्या वेगानं जळत जूनअखेर कचरा संपला. संपला कसला, लग्न चांगलंच मानवलं! जाळताना चुना मिसळावा लागतो. त्यामुळे राख आणि उरलंसुरलं मिळून वजन आठशे टनांच्या वर गेलं. आता ही राख कुठे पुरायची, यावर पुन्हा कोर्टकचेरी.

आणि माहेरची जमीन? ती 67 एकर तशीच पडून आहे. 1984 ची वायुगळतीची ती रात्र येण्याच्या आधीपासून कंपनी आवारात खड्डे खणून कचरा पुरत होती, भिंतीबाहेरच्या तळ्यांत सोडत होती. ते विष जमिनीत मुरलं, विहिरींत उतरलं. आसपासच्या वस्त्यांतल्या हातपंपांना सरकारनं लाल रंग फासला: पाणी पिऊ नका. विषावरचा सर्वांत स्वस्त उतारा म्हणजे रंगाचा डबा! पाइपातून स्वच्छ पाणी मिळावं म्हणून लोकांना सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं.

वरातीतल्या 337 टनांत माती होती 162 टन. आपल्या नागपूरच्या ‘नीरी’ या पर्यावरण संशोधन संस्थेनं हैदराबादच्या ‘एनजीआरआय’ या भूभौतिक संशोधन संस्थेसोबत केलेल्या पाहणीत दूषित मातीचा अंदाज निघाला होता 11 लाख टन. पीथमपूरच्या वेगानं ती जाळायची तर साडेचारशेहून अधिक वर्षं लागतील. तिच्या वरातीचा मुहूर्त अजून कुणी काढलेला नाही.