मुद्रितशोधकाचं मुद्रित

एकतीस वर्षं मी दुसऱ्यांच्या चुका काढून पोट भरलं. ‘आणि’ची वेलांटी दीर्घ दिसली की माझा रक्तदाब वाढायचा. असा माणूस निवृत्तीनंतर वेबसाइट करायला बसतो आणि एक यंत्र पहिल्याच वाचनात त्याच्या ७८ चुका काढतं!

वेबसाइट म्हणजे एकच पान. माळ्यावरच्या १९ जुन्या दिवाळी अंकांची मुखपृष्ठं आणि खाली यादी. भाच्याने नमुन्याचा कोड दिला, मी त्यात भर घातली, ब्राउझरमध्ये उघडून पाहिलं. पान देखणं दिसत होतं. पेढे आणायला पिशवी शोधत होतो, तर भाचा म्हणाला, “मामा, आधी व्हॅलिडेटरमध्ये टाकून बघ.”

हा व्हॅलिडेटर डब्ल्यूथ्रीसीचा, म्हणजे वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी १९९४मध्ये काढलेल्या संस्थेचा. कोड चिकटवायचा, बटण दाबायचं, की ओळ क्रमांकासकट चुका हजर. लाल रंगात. तो लाल रंग मी लगेच ओळखला.

“पण दिसतंय की नीट!” मी म्हणालो.

“ब्राउझर सांभाळून घेतो रे.”

आमच्या छापखान्यात एक म्हातारा कंपोझिटर होता. लेखकाने काहीही खरडून पाठवलं तरी तो मनानेच सरळ करून खिळे जुळवायचा. लेखकाला पत्ताही नसे. ब्राउझर त्याच्याच वळणाचा. पूर्वी प्रत्येक ब्राउझर आपापल्या अकलेने सावरायचा, पुढे एचटीएमएल ५मध्ये कोणती चूक कशी सावरून घ्यायची याचेसुद्धा नियम लिहिले गेले. मराठी शुद्धलेखनात अशी सोय असती तर माझ्या घरी चूल पेटली नसती.

तर ७८. त्यातल्या ३८ चुका अवतरणचिन्हांच्या निघाल्या. यादीतल्या नावावर माउस नेला की ‘दिवाळी अंक १९७४’ असं दिसावं म्हणून प्रत्येक दुव्यात मी टायटल घातलं होतं. तिथे भाच्याची उभी, खिळ्यासारखी अवतरणचिन्हं बघून माझ्यातला मुद्रितशोधक जागा झाला आणि मी छान वळणदार, छापील अवतरणं घातली. कोडला फक्त उभी कळतात. त्यामुळे टायटल ‘दिवाळी’पाशीच संपलं, आणि ‘अंक’ व ‘१९७४’ हे दोन अनोळखी पाहुणे दुव्याच्या दारात उभे राहिले. १९ दुवे, दुप्पट पाहुणे. शुद्धलेखनाच्या हौसेपायी एवढ्या चुका माझ्या हयातीत कोणी केल्या नव्हत्या.

यादीतल्या प्रत्येक ओळीला मी ‘अंक’ हाच आयडी दिला होता. एका पानात एक आयडी एकदाच. एकाच वाड्यात १९ दत्तू असले तर पोस्टमनने काय करावं? तिथे १८ गेल्या. मार्की, म्हणजे अक्षरं पळवणारा टॅग, कालबाह्य म्हणून काढायला लावला. ते मला आजही पटलेलं नाही. सेंटर टॅगही त्याच मार्गाने गेला.

एका चुकीने मात्र संध्याकाळ खाल्ली. व्हॅलिडेटरचं म्हणणं, परिच्छेद बंद केलेला दिसतो, उघडलेला कुठेच नाही. अरे, मी स्वतःच्या हाताने उघडलाय! भाच्याने उलगडा केला : परिच्छेदाच्या पोटात यादी बसत नाही. यादी सुरू झाली की ब्राउझर परिच्छेद गुपचूप मिटवून टाकतो, मग मी शेवटी लावलेली कडी लागते ती नसलेल्या दाराला.

उरल्या १९, मुखपृष्ठांच्या. प्रत्येक चित्राला ऑल्ट हवं, म्हणजे चित्र न दिसणाऱ्याला वाचून दाखवता येईल असं वर्णन. हे काम माझ्या आवडीचं. पण अकरा मुखपृष्ठांवर चित्र एकच : नऊवारी, खोपा, हातात दिवा. पहिल्यांदा मी रसभरीत लिहिलं, तिसऱ्यापासून ‘हातात निरांजन घेतलेली बाई’ एवढंच चिकटवत गेलो.

पुन्हा बटण दाबलं. चुका शून्य. एक पिवळी सूचना तेवढी उरली : पान मराठीत लिहिलेलं वाटतं, पण भाषा इंग्रजी नोंदवली आहे. नमुन्यातली ती ओळ मी वाचलीच नव्हती. एवढा छळ करून शेवटी यंत्राने मराठी ओळखली, म्हणून सगळं माफ केलं.

पेढे आले. फोनमधल्या वाचून दाखवणाऱ्या आवाजाकडून मी हिला पूर्ण पान ऐकवलं. ती चष्मा लावून एकेक मुखपृष्ठ पाहत होती. पाचव्याला म्हणाली, “अहो, ही पणती आहे.”

अकरांपैकी नऊ पणत्या निघाल्या.